केरबामामांचं बोलणं मी कापलं

ही गोष्ट मी पूर्ण अशी कुणालाच सांगितलेली नाही. तुकड्यातुकड्यानं सांगितली आहे. बायकोला एक तुकडा, वकिलांना एक तुकडा, आणि एका शपथपत्रावर चार ओळी. त्या चार ओळींत 'का' नाही. वकील म्हणाले, कारण लिहायची गरज नाही सर, एवढं पुरे. मला हायसं वाटलं होतं. आज त्या हायसं वाटण्याचाच मला संताप येतो — म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे.

मी नांदेडच्या एका कॉलेजात शिकवतो, विष्णुपुरीकडे राहतो. मूळचा लातूरचा. काही वर्षांपूर्वी मी एक सिनेमा केला — पाऊण तासाचा, लातूरच्या एका दाळमिलमधल्या कामगारावर. नाव लिहीत नाही. कुणी शोधून तो पुन्हा बघावा असं मला वाटत नाही. पण जे लोक असले छोटे सिनेमे बघतात त्यांनी तो पाहिला, आणि त्यांना तो आवडला. काय काय म्हणाले लोक! 'संयत.' 'शांत.' एकानं लिहिलं, 'या सिनेमात मौन बोलतं.' हे वाक्य मी कापून वहीत चिकटवलं होतं. मौन बोलतं म्हणे. मौन कधी बोलतं का हो? ज्याला बोलू दिलेलं नाही, त्याच्याच गप्प बसण्याला आपण अशी नावं देतो.

पण मी पुढं पळतोय. आधी माणूस सांगतो.

केरबामामा. वय पंचावन्नच्या पुढं-मागं, बुटके, मानेनं जाड, भुवयांत कायम तुरीची पिवळी धूळ. देवणीकडच्या एका खेड्यातले. जमीन नव्हतीच, तरुणपणी लातूरला आले आणि मिलमध्ये लागले ते तिथंच राहिले. पोती उचलायची, वाळवण उलटायचं, आणि खड्ड्यात उतरायचं. खड्डा म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढं तोच येणार आहे. मिलमध्ये तूर जमिनीखालच्या एका खड्ड्यात पडते आणि तिथून डोल लावलेल्या पट्ट्यावरून वर चढते. माल गच्च झाला की पट्टा अडखळतो. मग कुणीतरी खाली उतरून हातानं मोकळं करायचं. ते 'कुणीतरी' म्हणजे केरबामामा.

आणि हा माणूस बोलायचा. सकाळी सायकल लावल्यापासून बोलायचा. कर्नाटकातून आलेली तूर वासावरून कशी ओळखायची, नातीच्या शाळेतले मास्तर काय शिकवतात आणि काय शिकवत नाहीत, नगरसेवक मत मागायला आला तेव्हा मामांच्या दारापुढच्या गटारीत त्याचा पाय कसा गेला — सगळं. वस्तीतल्या विहारात संध्याकाळी वंदना तेच घ्यायचे, मुलांना पंचशील तेच पाठ करून घ्यायचे, त्यामुळं आवाज भरदार. मिलच्या घरघरीवर मात करून बोलायचा सराव होता. फोन आला की 'जय भीम' अशी हाक की दोन गोदामं सोडून ऐकू यावी.

मिलचे मालक माझ्या वडलांच्या ओळखीचे. आमची तूर वर्षानुवर्षं त्यांच्याकडंच जाते. त्यांनी चहा पाजला, परवानगी दिली, आणि एवढंच म्हणाले, "चांगलं दाखवा बरं का." यात धमकी नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो. मला कुणी धमकावलं असतं तर आज सांगायला किती सोपं गेलं असतं!

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकरा दिवस चित्रण केलं. मी आणि शकील — माझा शाळेपासूनचा मित्र, लातूरला लग्नाचे व्हिडिओ करतो, एडिटिंग त्याचंच. आठव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मामा हौदावर हात धूत होते. कॅमेरा चालू होता, माईक त्यांच्या सदऱ्याला होता. मी काही विचारलं नव्हतं. ते आपणहून माझ्याकडं वळले आणि म्हणाले — शब्दन् शब्द मला पाठ आहे —

"हे बगा सर, खड्ड्यात माल गच्च झाला की मिशन बंद करावी लागती. करत न्हाईत. चालू पट्ट्यात हात घालावा लागतोय. दोनदा म्या मुनीमजीला म्हणलो, पट्ट्याला जाळी तरी बसवा. म्हणलेत, तुला लई घाई झालीय. मागल्या साली मारोतीची दोन बोटं गेली. काय लिवलं? पेलेला व्हता म्हणून. त्यो पेत व्हता का न्हाई ते त्याला ठाव. मी थेंबाला शिवत न्हाई. पण उद्या माझं काय झालं तर माझ्यावर बी तेच लिवतेत. म्हणून सांगायलोय. ठिवा तुमच्या मिशनीत."

'ठिवा तुमच्या मिशनीत.' माणसानं दुसऱ्या माणसाकडं काही ठेवायला दिलं तर त्याला काय म्हणतात? ठेव. आणि ठेव गिळणाऱ्याला काय म्हणतात ते मी लिहायला हवं का?

एडिटिंगला बसलो तेव्हा मी ते कापलं. शकील म्हणाला, "अरे, हा माणूस बोलतो तेव्हाच जिवंत वाटतो. हे काढलं तर उरतं काय?" मी म्हणालो, आवाज नीट आलेला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. आवाज त्यानंच तर तपासला होता. पण सिनेमा माझा होता, त्यानं माउस माझ्याकडं सरकवला.

एकदा कापायला लागलं की हात थांबत नाही. हौदावरचं गेलं. मग नगरसेवकाचा किस्सा गेला — 'विनोदी होतंय'. मग फोनवरचं 'जय भीम' गेलं. मग त्यांच्या घरातल्या एका दृश्यात भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर होती, ती चौकटीबाहेर जाईल असा दुसरा शॉट मी निवडला. स्वतःला म्हणालो, गर्दी होतेय. तसबिरींची कसली गर्दी? मला तो माणूस कुणाचाही नको होता, कुठलाही नको होता. मला हवा होता पिवळ्या धुळीत, तिरप्या उन्हात पोतं उचलणारा एक कुणीतरी — ज्याच्याकडं बघून पुण्यातल्या लोकांना वाईट वाटावं, पण फार नाही. शेवटी पाऊण तासात केरबामामांच्या तोंडी तीन वाक्यं उरली. त्यातलं एक होतं, 'पाणी दे गं.'

आणि सिनेमा सुंदर झाला. हेच मला सहन होत नाही. खरोखर सुंदर झाला.

पुण्याच्या एका महोत्सवात परीक्षकांपैकी एक बाई मंचावरून म्हणाल्या, "त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं समाधान मला आयुष्यभर पुरेल." समाधान! तो माणूस त्या शॉटमध्ये मुनीमजीला शिव्या देत होता. आवाज मी काढून टाकला होता आणि खाली बासरी ठेवली होती. मी स्मृतिचिन्ह घेतलं, वाकून नमस्कार केला. बाईंवर मी रागावू कसा? त्यांना जे वाढलं ते त्यांनी खाल्लं. तरी राग येतो. इतक्या शिकल्या-सवरलेल्या लोकांपैकी एकालाही का वाटलं नाही की, अडीच मण उचलणारा हा माणूस पाऊण तास तोंड का उघडत नाही?

मग आमच्या कॉलेजात खेळ झाला. मामा आणि त्यांची बायको धुरपतबाई लातूरहून एसटीनं आले. मामांनी पांढरा सदरा घातला होता, भुवया स्वच्छ धुतल्या होत्या. पहिल्या रांगेत बसले. मी सिनेमा बघत नव्हतो, त्यांच्याकडं बघत होतो. सुरुवातीला ते हसत होते. मग पुढं झुकून बसले. मग मान थोडी तिरपी करून — कमी ऐकू येतंय असं वाटल्यावर माणूस करतो तशी.

संपल्यावर टाळ्या. सगळे उभे राहिले. एका विद्यार्थ्यानं विचारलं, मामांना काय वाटतं? कुणीतरी त्यांच्या हातात माईक दिला. ते उठले, घसा साफ केला, "जय भीम, मंडळी. आता म्या सांगतो—" आणि मी पुढं झालो. माईकवर हात ठेवला. हसत म्हणालो, "मामा जरा लाजाळू आहेत. त्यांचं काम बोलतं."

लोक प्रेमानं हसले. पुन्हा टाळ्या. मामा माझ्याकडं बघत राहिले. मग खाली बसले.

मी आयुष्यात कुणाला थोबाडीत मारलेली नाही. पण भरल्या सभेत मारलेली थोबाडीत अशीच असते, नाही का? फक्त तिला आवाज नसतो.

बाहेर चहाच्या टेबलापाशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, म्या एवढं बोललो, ते कुठं गेलं?" मी म्हणालो, मामा, माईक बिघडला होता, काहीच आलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या. मिशनच हाय, बिघडतीच." माझी समजूत घातली त्यांनी. माझी.

दीड वर्षानं त्यांचा उजवा हात पट्ट्यात गेला. कोपरापासून. वडलांनी फोनवर सांगितलं, जणू पिकाची बातमी असावी तसं, आणि वर म्हणाले, "पिऊन आला होता म्हणे." मी विचारलं, कोण म्हणे? वडील म्हणाले, "मिलचे लोकच म्हणायलेत." मिलच्या कागदात तेच होतं. कामगार नशेत असल्यामुळे स्वतःच्या निष्काळजीपणानं अपघात. दोन साक्षीदारांच्या सह्या. दवाखान्यात कुणी तपासलं नव्हतं, कुणाला तपासायचंही नव्हतं. केरबामामा जे म्हणाले होते ते तसंच्या तसं — 'माझ्यावर बी तेच लिवतेत.'

मी त्यांना बघायला गेलो नाही. परीक्षा चालू होत्या. परीक्षा तर दरवर्षीच चालू असतात.

महिन्याभरानं धुरपतबाई आमच्या घरी आल्या. भर दुपारी, एकट्या. पत्ता विचारत विचारत रिक्षानं आल्या होत्या. हरभऱ्याचा ढाळा, ओल्या घाट्यांच्या डहाळ्या, आणला होता पिशवीत. चपला पार जिन्याखाली काढून आल्या, मी म्हणालो वर आणा, तर म्हणाल्या, असू द्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"सर, ते म्हणतेत की शूटिंगच्या टायमाला त्यांनी समदं सांगितलं व्हतं. जाळीचं. मिशन बंद करत न्हाईत त्याचं. तुमच्याजवळ आसंल तर द्या."

मी म्हणालो, बाई, तेव्हाच सांगितलं होतं ना, माईक बिघडला होता.

"व्हय, पण ते म्हणतेत तोंड तर दिसंल. काय तरी आसंल." मग म्हणाल्या, "पैशाचं आमी बगून घिऊ, सर. पोरगी नर्स हाय, दोन घास हायेत. पण त्यांनी दारू पेली म्हणून जे लिवलंय ना, ते पुसायचंय. त्यो माणूस लेकरांला पंचशील देतो. त्याच्या तोंडाला कुणी दारू लावावी?"

मी म्हणालो, सगळं पुसून टाकलंय. जागा लागते. डिस्कवर काहीच उरलेलं नाही.

डिस्क शेजारच्या खोलीत होती. पुस्तकांच्या कपाटात, वरच्या खणात. आमच्यात आणि तिच्यात एक भिंत होती.

त्या म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्या." पाणी प्याल्या, भांडं स्वतः विसळायला निघाल्या. माझ्या बायकोनं ते हातातून घेतलं. जाताना म्हणाल्या, "तुमी तरी काय करणार."

आता 'का' सांगतो. इथपर्यंत आणलंय तर आता पळणार नाही.

मालकांची भीती? थोडी होती. वडलांचा संबंध बिघडेल हेही होतं. पण ही कारणं मला परवडतात. ती चारचौघांत सांगता येतात, लोक मान हलवतात. खरं कारण ते नाही. खरं कारण असं, की ते चित्रण बाहेर आलं असतं तर लोकांना कळलं असतं की केरबामामा बोलत होते. त्या मौनाचं, त्या संयमाचं, त्या समाधानाचं काय झालं असतं? त्याच महिन्यात माझा सिनेमा बाहेरच्या देशात एके ठिकाणी दाखवणार होते. एका माणसाचा हात गेला होता, नाव जात होतं, आणि मी माझी टाळी सांभाळत होतो. एवढंच. याहून मोठं काही नाही. मला कधीकधी वाटतं, काही मोठं असतं तर बरं झालं असतं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस एवढं करतो?

करतो. मी केलं.

अपघाताची सरकारी चौकशी बंद झाली. कागदावर 'नशेत' तसंच राहिलं. यातलं पुढचं मला शकीलनं सांगितलं, तो अधूनमधून त्यांच्याकडं जायचा. मामा आता विहारात वंदना घेत नाहीत, शेवटच्या ओळीत बसतात. कुणी काही म्हटलं होतं असं नाही. पण एकदा एका पोरानं सहज विचारलं, तुम्ही खरंच प्याला होता का आजोबा? त्यानंतर मामांनी पुढं बसणं सोडलं. शकील मला म्हणाला, "ते फुटेज असतं तर." मी त्यालाही म्हणालो, पुसलं. त्यानं विषय बदलला. त्याला कळलं होतं असं मला आता वाटतं.

आणि मी काय करत होतो? मी तो सिनेमा वर्गात शिकवत होतो. हो. दरवर्षी. यंदा एका मुलीनं उत्तरपत्रिकेत लिहिलं, 'नायकाची कसलीही तक्रार नाही, म्हणूनच तो थोर वाटतो.' मी तिला दहापैकी आठ गुण दिले. मग पेन खाली ठेवलं. पुढचा पेपर उघडेना. वीस वर्षांच्या पोरीला मी हे शिकवलं होतं — की तक्रार न करणारा गरीब थोर असतो. तिचे आजोबाही नांदेडजवळच्या लोहा गावच्या बाजारात पोती उचलायचे, हे तिनंच मला एकदा सांगितलं होतं. आता ती त्यांच्याकडंही याच नजरेनं बघणार?

दुसऱ्या दिवशी डिस्क आणि लॅपटॉप घेऊन मी लातूरला गेलो. शपथपत्र, वकील, ते सगळं नंतरचं. प्रकरण पुन्हा उघडेल की नाही, वकिलांनाही सांगता येत नाही, फार उशीर झालाय म्हणतात. तो उशीर माझा आहे.

मामा दारात खाटेवर बसले होते. उजवी बाही कोपराशी दुमडून पिनेनं लावलेली. मला बघून उठायला लागले, मी म्हणालो, उठू नका. आत गेलो, लॅपटॉप पेटीवर ठेवला आणि काही न सांगता ते दृश्य लावलं. काय सांगणार होतो?

हौद. पाणी. दोन हात एकमेकांवर घासताना. मग त्यांचा आवाज — स्वच्छ, भरदार, एकही शब्द न हुकता. 'ठिवा तुमच्या मिशनीत' इथपर्यंत.

धुरपतबाई चुलीपुढून उठून आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला. मामा पडद्याकडं बघत होते. आवाजाकडं नव्हे, हातांकडं बघत होते असं मला वाटलं. मग त्यांनी विचारलं, "बिघडलं न्हवतं?"

मी म्हणालो, नाही.

"पुसलं बी न्हवतं?"

नाही.

त्यांनी मान वळवली. धुरपतबाईंना म्हणाले, "जा, गल्लीतल्यांला बोलाव. इहारातल्यांला बी." दुपारची वेळ होती, तरी दहा-पंधरा माणसं आली, बायका आल्या, पोरं दारात दाटली. ज्यांना जागा मिळाली नाही ते खिडकीशी उभे राहिले. मामांनी मला पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी एक म्हातारी मागून म्हणाली, "ऐका रे, ऐका. त्यानं आधीच सांगितलं व्हतं."

मला वाटलं, आता ते माझ्यावर ओरडतील. खरं सांगतो — मला ते हवं होतं. म्हणजे माझं काहीतरी फिटलं असतं. मामांनी डाव्या हातानं लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडं बघितलं.

"सर, आता तुमी जावा. तुमच्यासमोर मला बोलायचं न्हाई."

मी डिस्क तिथंच ठेवली आणि उठलो. लोकांनी वाट दिली.  गल्लीच्या टोकाशी पोचलो तेव्हा मागून त्यांचं बोलणं सुरू झालं होतं, तो भरदार आवाज, मध्येच लोकांचे हुंकार. काय सांगत होते ते मला ऐकू आलं नाही.